भुताचा न्याय आणि विज्ञानाचे भय : जपानी चित्रकथेतील एका परंपरेविषयी

साहित्याच्या वर्गात 'मांगा' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर बहुधा दोनच भाव उमटतात : कुतूहलाचा किंवा उपेक्षेचा. त्यातही विज्ञानकथा आणि भयकथा यांच्या संकरातून निपजलेली मांगा म्हटली की उपेक्षेचे पारडे जड होते. स्वस्त कागदावर छापलेली, रक्ताने बरबटलेली, पोरवयात वाचून सोडून द्यावी अशी ती वस्तू, असा समज सर्रास आढळतो. पण मुळात मुलांच्या साप्ताहिकांसाठी आणि तरुणांच्या मासिकांसाठी काढलेल्या यांतील काही चित्रकथा तीस-चाळीस वर्षांनंतरही पुनःपुन्हा छापल्या जातात, भाषांतरित होतात, आणि ज्यांनी त्या लहानपणी वाचल्या ते प्रौढपणी त्यांच्याकडे परत जातात. केवळ किळस किंवा दचका एवढाच ऐवज त्यांच्यात असता तर असे घडले ना. दचका एकदाच बसतो. दुसऱ्या वाचनाला तो उरत नाही.

या आकर्षणाचे मूळ कशात असावे, याचा शोध प्रस्तुत लेखात आम्ही घेणार आहोत. त्यासाठी चित्रशैलीच्या चर्चेपेक्षा इतिहासाची वाट आम्हांला अधिक उपयोगी वाटते. (जपानी नावे येथे त्यांच्या रीतीप्रमाणे, आडनाव आधी घेऊन लिहिली आहेत.)

१. ओइवाचे विष

जपानी भयकथेचा एक जुना आणि ठळक टप्पा काबुकी रंगभूमीवर सापडतो. चौथा त्सुरुया नानबोकु याचे 'योत्सुया काइदान' हे नाटक १८२५ मध्ये एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, प्रथम सादर झाले. इएमोन हा दरिद्री सामुराई आणि ओइवा ही त्याची पत्नी. शेजारच्या सधन घरातील मुलीशी इएमोनचे लग्न लागावे म्हणून त्या घरातून ओइवाला औषधाच्या नावाखाली विष पाठवले जाते. तिचा चेहरा विद्रूप होतो, ती मरते, आणि त्यानंतर तिचे भूत इएमोनची पाठ सोडत नाही.

या कथेतले भय तीव्र आहे, पण तिचा हिशेब ढोबळमानाने सरळ आहे. अन्याय करणारा कोण हे प्रेक्षकाला ठाऊक असते, आणि भूत त्याच्याच मानगुटीवर बसते. जेथे न्यायालय पोचत नाही तेथे भूत पोचते. त्यामुळे भुताच्या भीतीत एक दिलासाही दडलेला असतो. ज्याने ओइवाला विष पाजले नाही तो नाटक संपल्यावर निश्चिंत मनाने घरी जाऊ शकतो. आपल्याकडील भूतकथांतही हाच न्याय कितीदा चालतो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

विज्ञानकथेने भयकथेशी सोयरीक केली तेव्हा हा हिशेब मोडला. विज्ञानकथेला कार्यकारणभाव हवा असतो; घडणाऱ्या प्रत्येक अघटितामागे काहीतरी कारण असावे लागते. पण विसाव्या शतकात त्या कारणाचा कर्ता शोधू गेले तर हाती एकटा इएमोन लागत नाही. कारखाना, प्रयोगशाळा, सैन्य, बाजार, मंत्रालय अशी कर्त्यांची रांगच उभी राहते. शिक्षा मात्र त्या रांगेतल्या कोणावर न पडता तिच्याशी काही संबंध नसलेल्यांवर पडते, आणि बहुतेक वेळा ती मुलांवर पडते. भुताचा न्याय जाऊन त्या जागी वारशाने आलेले कर्ज उभे राहिले. आमच्या मते या परंपरेची ओढ नेमकी येथे आहे.

२. भविष्याचे प्रदर्शन

युद्धोत्तर जपानमध्ये विज्ञानाकडे पाहण्याची दृष्टी पहिल्यापासून दुभंगलेली होती. तेझुका ओसामु यांनी वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच 'लॉस्ट वर्ल्ड' (१९४८) आणि 'मेट्रोपोलिस' (१९४९) या चित्रकथा काढल्या. 'मेट्रोपोलिस'मधील कृत्रिम जीव माणसांवर उलटतो आणि शेवटी स्वतःही नष्ट होतो. याच तेझुकांनी १९५२ पासून रंगवलेल्या यंत्रबालकाचे नाव मात्र 'अॅटम' असे होते. दोन शहरांवर अणुबाँब पडून सातच वर्षे झालेल्या देशात मुलांच्या लाडक्या नायकाला हे नाव मिळावे, यातच आशा आणि धास्ती यांची सरमिसळ दिसते.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली. त्या राखेखाली 'दाइगो फुकुर्यु मारु' ही जपानी मासेमारी बोट सापडली. तिच्यावर २३ खलाशी होते. त्यांपैकी कुबोयामा आइकिची यांचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. नोव्हेंबरमध्ये 'गोजिरा', म्हणजे जगाला 'गॉडझिला' म्हणून माहीत असलेला चित्रपट, झळकला. त्यातल्या अक्राळविक्राळ प्राण्याला जागे करणारे कोणी पापी कुटुंब नव्हते. त्याला जागे केले होते बाँबचाचण्यांनी.

चित्रकथेतली भीती या काळात वेगळ्या गल्लीत वाढत होती. १९५० च्या दशकात भाड्याने पुस्तके देणारी छोटी दुकाने जपानी शहरांत जागोजाग होती. तेथल्या चित्रकथा स्वस्त, घाईत काढलेल्या आणि प्रतिष्ठित प्रकाशनांच्या शिस्तीबाहेरच्या असत. युद्धात डावा हात गमावलेले मिझुकी शिगेरु यांनी आपली भुते-पिशाच्चे याच बाजारासाठी काढली. १९५५ मध्ये पहिले पुस्तक प्रसिद्ध झालेले उमेझु काझुओ (१९३६-२०२४) हेही याच बाजारात वाढले. १९५९ मध्ये 'शोनेन मॅगझीन' आणि 'शोनेन सन्डे' ही मुलांची साप्ताहिके एकाच दिवशी सुरू झाली आणि भाड्याच्या दुकानांचा वाचक हळूहळू तिकडे वळला. चित्रकारही वळले. १९६५ मध्ये उमेझुंनी मुलींच्या एका साप्ताहिकात एक कथा रंगवली. तिच्यात आईचे रूप घेऊन सर्पस्त्री घरात वावरते, आणि ते फक्त मुलीला कळते. बाकीचे मोठे तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. गावाबाहेरची भीती या कथेने थेट स्वयंपाकघरात आणून बसवली. मुलाला दिसते ते मोठ्यांना दिसत नाही, हे उमेझुंचे सूत्र येथून पुढे कायम राहिले.

आता १९७० सालाकडे वळू. त्या वर्षी १५ मार्च ते १३ सप्टेंबर या काळात ओसाका येथे जागतिक प्रदर्शन भरले. 'मानवजातीची प्रगती आणि सुसंवाद' हे त्याचे बोधवाक्य होते, आणि सहा कोटी चाळीस लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. शाळांच्या सहली आल्या, चंद्रावरून आणलेला दगड पाहण्यासाठी रांगा लागल्या. भविष्य कसे असेल ते मुलांना तिकीट काढून दाखवण्यात आले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये तोक्योच्या सुगिनामी भागातील एका शाळेत चाळीसहून अधिक विद्यार्थिनींना डोळे चुरचुरणे, श्वास कोंडणे असा त्रास होऊन त्या आजारी पडल्या. कारण होते वाहने आणि कारखाने यांच्या धुरावर ऊन पडून तयार होणारे विषारी धुके. वर्षअखेरीस जपानी संसदेच्या एकाच अधिवेशनात प्रदूषणविषयक १४ कायदे संमत करावे लागले.

याहून मोठी जखम मिनामाता येथे होती. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून समुद्रात सोडलेला पारा माशांच्या वाटे कोळ्यांच्या पोटात गेला. या रोगाची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली, पण त्याचे कारण सरकारने मान्य केले ते १९६८ मध्ये. कंपनीविरुद्धचा न्यायालयाचा निकाल लागायला १९७३ उजाडले. दरम्यान, आईच्या पोटातच पाऱ्याची बाधा झालेली मुले जन्माला येत होती. ओइवाला पाजलेले विष तिच्या मारेकऱ्यांवर उलटले होते. मिनामातात मात्र विष सोडणारे एका जागी राहिले आणि ते भोगणारी बाळे दुसऱ्या जागी जन्मली.

३. भरकटलेला वर्ग

या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये 'शोनेन सन्डे'त उमेझुंची 'ह्योर्यु क्योशित्सु' सुरू झाली. नावाचा अर्थ 'भरकटलेला वर्ग'. १९७४ पर्यंत ती चालली आणि तिला शोगाकुकान पुरस्कार मिळाला. ताकामात्सु शो हा सहावीतला मुलगा आईशी कडाक्याचे भांडून शाळेत जातो. थोड्याच वेळात प्रचंड धमाका होतो. शाळेच्या जागी नुसता खड्डा उरतो; शाळा, तिच्यातल्या ८६२ जणांसह, नाहीशी होते. आत असलेल्यांना कुंपणाबाहेर दिसते ती क्षितिजापर्यंत पसरलेली ओसाड, काळपट वाळू. हा दुसरा ग्रह नाही, हे आपलेच भविष्य आहे, असा उलगडा पुढे होतो. ओसाकाच्या प्रदर्शनात जे भविष्य दाखवले होते, त्याचे हे उलट बाजूचे चित्र म्हणावे लागेल.

यानंतर उमेझु जे करतात त्याची मुलांच्या साप्ताहिकात कोणी अपेक्षा केली नसेल. सर्वप्रथम मोडतात ती मोठी माणसे. शिक्षकांची बुद्धी 'हे शक्य नाही' या वाक्यापलीकडे जात नाही. मनाचा तोल जाऊन ते स्वतःचा आणि एकमेकांचा जीव घेतात. मुलांच्या जेवणाची ने-आण करणारा, एरवी हसतमुख असणारा माणूस अन्नसाठा बळकावून हुकूमशहा होतो. मुले मात्र जे समोर आहे ते खरे मानतात, म्हणून टिकतात. ती आपले राज्य स्थापतात, मंत्री निवडतात, पाणी वाटून घेतात. शोच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया भूल न देता एका डॉक्टरचा मुलगा करतो. भूक, साथीचा रोग, आपसांतली टोळीयुद्धे, मानवाचे विकृत वंशज असे एकामागून एक आघात होतात आणि मुले मरत जातात. चित्रकार कोणाची गय करत नाही.

कथेला तोलून धरणारा दुसरा पदर आहे आईचा. भांडून गेलेला मुलगा मेलेला नाही, तो भविष्यात कोठेतरी आहे, अशी तिची खात्री असते. निशी नावाच्या, पायाने अधू असलेल्या मुलीच्या माध्यमातून शोची हाक तिच्यापर्यंत पोचते. ती एका हॉटेलच्या भिंतीत सुरी दडवते. अनेक वर्षांनंतर त्याच भग्न भिंतीत ती शोच्या हाती लागते. साथीवरचे औषध ती एका बेसबॉलपटूच्या शवात ठेवण्याची खटपट करते, कारण ते शव पुढे ममी होऊन मुलांना सापडणार असते. तिला सगळे वेडी ठरवतात. तर्काच्या कसोटीवर हे प्रसंग टिकत नाहीत, हे उघड आहे. पण त्यांचा अर्थ विलक्षण साधा आहे. आज आपण जे जमिनीत, भिंतीत, पाण्यात ठेवू ते उद्याच्या मुलांच्या हाती लागणार आहे. मिनामाताच्या समुद्रात पारा ठेवणारेही याच नियमाने वागत होते. फरक इतकाच की या आईला तो नियम ठाऊक आहे. भयकथेने इतक्या थोडक्यात सांगितलेली ही जबाबदारी वैचारिक लेखांतून इतक्या स्पष्टपणे मांडलेली क्वचितच आढळेल.

चित्रांविषयीही येथे सांगायला हवे. उमेझुंच्या आकृती ताठर असतात; आ वासलेली तोंडे, विस्फारलेले डोळे आणि रेघांवर रेघा ओढून दाट केलेला काळोख ही त्यांची ओळख. एखादे दार उघडण्याची क्रिया ते अनेक लहान चौकटींत लांबवतात. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचले जाते. डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात मुलाचा भेदरलेला चेहरा असतो आणि त्याने काय पाहिले हे पान उलटल्यावरच कळते. चित्रपटगृहात प्रेक्षकाने डोळे मिटले तरी पडद्यावर चित्र पुढे सरकते. येथे वाचकाने पान उलटले नाही तर काहीच घडत नाही. भयाकडे स्वतःच्या बोटाने जावे लागते. साप्ताहिकाचा वाचक तर पुढचे पान यायला सात दिवस थांबे.

४. उजवा हात

जवळजवळ दोन दशकांनंतर या परंपरेने दुसरे वळण घेतले. इवाआकी हितोशी यांची 'किसेइज्यु' ('परजीवी पशू') १९९० ते १९९५ या काळात प्रामुख्याने 'आफ्टरनून' मासिकात प्रसिद्ध झाली. कोठून आले ते न कळणारे किडे माणसांच्या मेंदूचा ताबा घेतात आणि त्यांची शरीरे वापरून इतर माणसांना खातात. इझुमी शिनिची या विद्यार्थ्याच्या मेंदूपर्यंत किडा पोचत नाही. तो त्याच्या उजव्या हातात अडकतो आणि तेथेच वाढतो. शिनिची त्याला 'मिगी', म्हणजे 'उजवा', असे नाव देतो. मिगी हुशार, जिज्ञासू आणि संपूर्णपणे स्वार्थी आहे. आपण माणसे का खाऊ नयेत, तुम्ही नाही का डुकरे खात, हा त्याच्या जातभाईंचा प्रश्न कथाभर अनुत्तरित राहतो.

उमेझुंच्या कथेत दोष भूतकाळातल्या प्रौढांचा होता. इवाआकी तो दोष नायकाच्या शरीरात आणून ठेवतात. परजीवीने व्यापलेल्या स्वतःच्या आईच्याच हातून शिनिचीच्या हृदयावर घाव होतो. मिगी आपल्या पेशींनी ते शिवून त्याला वाचवतो, आणि त्यानंतर शिनिचीला रडू येईनासे होते. ते परत मिळते कोणामुळे, तर तामुरा रेइको या परजीवी स्त्रीमुळे. आपल्या मानवी बाळाला पोलिसांच्या गोळ्यांपासून आडोसा देत ती मरते, तेव्हा शिनिचीच्या डोळ्यांत पाणी येते. दुसरीकडे, या जीवांची वकिली करणारा महापौर शेवटी शंभर टक्के माणूस निघतो.

कथेच्या अखेरीस सर्वांत बलाढ्य परजीवी गोतो याच्याशी शिनिची जंगलात झुंजतो. हाती लागेल ती एक गंजकी सळई तो त्याच्या अंगात खुपसतो आणि हरणारी लढाई फिरते. ती सळई बेकायदा टाकलेल्या विषारी कचऱ्याच्या ढिगातली असते. माणसाने जंगलात फेकलेले विष माणसाला वाचवते! या विजयाचा आनंद मानावा की नाही हे शिनिचीला कळत नाही, वाचकालाही कळत नाही. ओइवाच्या विषाचा हिशेब दीडशेहून अधिक वर्षांनी येथे येऊन पोचतो : विष पाजणारे आणि विषामुळे तगणारे आता एकच झाले आहेत.

५. इतो जुन्जी आणि एक आक्षेप

आज या परंपरेतले सर्वांत परिचित नाव इतो जुन्जी यांचे. दंततंत्रज्ञ म्हणून काम करत असताना १९८७ मध्ये उमेझुंच्याच नावाच्या स्पर्धेतून ते पुढे आले. 'उझुमाकी' (१९९८-९९) ही त्यांची सर्वांत गाजलेली कृती. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र 'ग्यो' (२००१-०२) अधिक महत्त्वाची आहे. समुद्रातले मासे यंत्रवत पायांवर चालत ओकिनावाच्या किनाऱ्यावर येतात, आणि त्यांच्यासोबत असह्य दुर्गंधी येते. या साऱ्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्यासाठी झालेल्या एका संशोधनात निघते. ज्यांनी ते आरंभले त्यांची पिढी सरली. त्यांचे शस्त्र मात्र समुद्राच्या तळाशी शाबूत राहिले. 'जिगोकुसेइ रेमिना' (२००५) मध्ये एक शास्त्रज्ञ नव्या ताऱ्याला आपल्या मुलीचे नाव देतो. तो तारा ग्रह गिळत पृथ्वीकडे येऊ लागतो, तेव्हा जमाव मुलीलाच दोषी ठरवून तिच्या जिवावर उठतो. भुताचा न्याय हरवल्यावर माणसे न्याय कसा करू लागतात, त्याचे हे भेसूर चित्र आहे.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो गंभीर आहे. मिनामाताची मुले, बिकिनीचे खलाशी यांची दुःखे खरी होती. त्यांच्यावर पोसलेल्या कल्पनांतून वाचकाने भीतीची मौज लुटावी, यात काही अनुचित नाही काय? इतोंच्या बाबतीत तर त्यांची सुबक, थंड रेषेतली भयचित्रे कथेपासून तुटून नुसती शोभेची वस्तू होण्याचा धोका आहे, आणि काही अंशी ते झालेही आहे.

याचे उत्तर रसचर्चेच्या परिभाषेत शोधता येते असे आम्हांला वाटते. भय आणि जुगुप्सा हे स्थायीभाव भरताने अनुक्रमे भयानक आणि बीभत्स या रसांना दिले, आणि शोक करुणाला. सामान्य भयकथा भयानकापाशी थांबते, तिचे निकृष्ट रूप बीभत्सापाशी. वरील कृतींपैकी ज्या श्रेष्ठ आहेत त्यांत भयानक हा करुणाकडे नेणारा रस्ता आहे. 'ह्योर्यु क्योशित्सु' वाचताना सरतेशेवटी मनात उरतात ती राक्षसी किड्यांची चित्रे नव्हेत. आई आणि मुलगा यांच्यामधले न ओलांडता येणारे अंतर उरते. 'किसेइज्यु'तही स्मरणात राहते ती रेइकोच्या कुशीतली बाळाची झोप. जेथे हे संक्रमण होत नाही, तेथे आक्षेप मान्य करावा. 'ग्यो'चा उत्तरार्ध आमच्या मते असाच बीभत्सात अडकून पडतो. निकष हाती असला की या राशीतून निवड करता येते. आणि निवड करणे हेच समीक्षेचे काम आहे.

साहित्याच्या अध्यापकांना आमची विनंती एवढीच, की या कृती अभ्यासक्रमाबाहेरची करमणूक म्हणून बाजूला टाकू नयेत. मोठ्यांनी केलेले मुलांनी फेडायचे, हा आपल्या काळातला बहुधा सर्वांत मोठा अन्याय आहे. प्रतिष्ठित कादंबरीने त्याला हात घालण्याआधी कितीतरी वेळा तो अशा हलक्या समजल्या गेलेल्या प्रकारांनी मांडला. 'ह्योर्यु क्योशित्सु'च्या शेवटी मुले परत येत नाहीत. त्यांच्यातल्या सर्वांत लहान, तीनचाकी सायकलवाल्या मुलाला तेवढे ती वर्तमानात पाठवतात, आणि स्वतः त्या ओसाड भविष्यात राहून काहीतरी उगवण्याची वाट पाहायचे ठरवतात. परत आलेला मुलगा पुढे काय करील हे उमेझु सांगत नाहीत. १९७४ मध्ये ही कथा वाचणारी दहा-बारा वर्षांची मुले आज साठी ओलांडलेली आहेत.